बादलीत परत जाणारी माती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या आजारपणात चार वर्षं सगळं तुम्हीच पाहिलं, ते गेले, आणि आता रात्री उठायचं काही कारण उरलं नसताना झोप येत नाही. डॉक्टरांची औषधं सुरू आहेत. कुणीतरी सुचवलं की मातीकाम करून बघा, मन हलकं होतं. हे खरं आहे का, त्यासाठी चाक विकत घ्यावं का, आणि 'हातात अजिबात कला नाही' अशा माणसाला जमेल का?

मी तेवीस वर्षं मातीची भांडी करते. त्यातली शेवटची अकरा वर्षं, आठवड्यातून दोन दिवस, मनोविकारांवर उपचार घेणाऱ्या माणसांबरोबर मातीत हात घालून बसते. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही, म्हणून जे सांगेन ते मातीच्या बाजूने सांगेन. तुमचे प्रश्न शेवटाकडून घेते.

कला नाही, हे फार बरं झालं. ज्यांना 'येतं' त्यांना सुरुवात जड जाते. माझ्याकडे एक बाई यायच्या, आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेल्या. वाटीची कड दोन मिलिमीटर खाली-वर झाली की त्यांचे ओठ आवळले जायचे. घरी जाताना त्या आल्या होत्या त्याहून दमलेल्या दिसायच्या. शेवटी मी त्यांना म्हटलं, डोळे मिटून करा आणि मी सांगेपर्यंत उघडू नका. दहा-बारा मिनिटांनी त्यांचे खांदे खाली आले. डोळे उघडल्यावर हातात जे होतं त्याला वाटी म्हणायला हिंमत लागली असती, पण त्या हसल्या. मला त्यांच्या तोंडून हवं होतं ते तेवढंच.

चाक आत्ता नको. निदान सहा महिने तरी नको. फिरत्या चाकावर मातीने माखलेले हात आणि मिटलेले डोळे छायाचित्रात फार शांत दिसतात. पुढच्या क्षणी ती माती कुठे उडाली हे छायाचित्रात येत नाही. मातीचा गोळा चाकाच्या अगदी मध्यावर आणायचा, याला आम्ही सेंटरिंग म्हणतो. ते जमायला बहुतेकांना कित्येक आठवडे लागतात. गोळा जरासा मध्यापासून सरकलेला असला तरी प्रत्येक फेऱ्याला हाताला धक्का देतो, आणि भिंत वर ओढायला जावं तर एक बाजू जाड, दुसरी पातळ होऊन सगळं कोलमडतं. शिकायला ते सुंदर आहे. पण चार वर्षं परीक्षेत बसलेल्या माणसाने लगेच दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरू नये. नुसत्या हातांनी सुरुवात करा. माणसांनी चाकाच्या आधी हजारो वर्षं भांडी हातांनीच केली आहेत.

आता मुख्य प्रश्न, फायदा होतो का. माझ्या अनुभवात बहुतेकांना होतो. मात्र 'सर्जनशीलता' हे त्याचं कारण आहे असं मला वाटत नाही, मातीचा स्वभाव आहे असं वाटतं. तो जरा उलगडून सांगते.

चिकणमातीचे कण चपटे असतात आणि अतिशय बारीक, साधारण दोन मायक्रॉनच्या आतले, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा असतो. ओल्या पत्त्यांचा जोड हातात धरल्यासारखं समजा: ढकललं की पत्ते एकमेकांवरून सरकतात, थांबलं की तिथेच चिकटून राहतात. वाळू दाबली तर विस्कटते, रबर दाबलं तर उसळून पूर्ववत होतं. माती जितकी दाबाल तितकी दबते आणि तशीच राहते. तुमच्या बोटाचा जोर, दिशा, थरथर, सगळं तिच्यावर उमटतं. तुम्ही केलं आणि झालं, एवढा सरळ हिशेब. ज्याने वर्षानुवर्षं औषधं वेळेवर दिली, कूस बदलली, रात्री जागला आणि तरीही उतार पडताना पाहिला नाही, त्या माणसाच्या हातांना अशा सरळ उत्तराची भूक असते. हे मला कुणी शिकवलं नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करून आलेले लोक पहिल्या तासाला मातीत नुसता अंगठा रोवतात आणि त्या खळग्याकडे बघत बसतात, हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता मला त्याचं नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट, माती घाईला दाद देत नाही. ओली असताना कपाला कान, म्हणजे धरायची मूठ, लावला तर गळून पडतो, वाळल्यावर लावला तर चिकटतच नाही. मधल्या अवस्थेत लावावा लागतो आणि ती अवस्था माती ठरवते, आपण नाही. वाट पाहणं हा इथे कामाचाच भाग असतो. तुम्हीही वाट पाहिली आहे, पण ती वेगळी होती. ही वाट भीतीशिवायची असते.

तिसरं कारण अगदी क्षुल्लक आहे, आणि मी ते फार मानते: मातीने भरलेल्या हातांनी फोन उचलता येत नाही.

शास्त्रीय अभ्यासांचं म्हणाल तर आहेत, पण त्यांना पेलेल तेवढंच ओझं त्यांच्यावर टाकावं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कोलाजचं सामान देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांत ते घटलं. ज्यांना कलेचा अनुभव नव्हता त्यांनाही फायदा झाला, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. पण तो प्रयोग लहान होता, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि चौथ्या हिश्श्याच्या लोकांत कॉर्टिसॉल तसंच राहिलं किंवा वाढलं. हाँगकाँगमध्ये नैराश्याच्या 106 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून झालेला एक अभ्यास जास्त काटेकोर होता. एका गटाने उपचार म्हणून आखलेलं मातीकाम केलं, दुसऱ्याने इतर दृश्यकलेचं काम. आठवड्याला अडीच तासांचं एक सत्र, अशी सहा सत्रं. मातीच्या गटात नैराश्याची लक्षणं जास्त कमी झाली. यावरून एवढंच म्हणता येतं की माती चालू उपचारांना चांगली जोड देते. औषध बंद करण्याचा विचार मनात आला तर तो डॉक्टरांसमोर बोला, मातीसमोर नको.

आणि हेही आधीच सांगते, कारण गोड बोलणाऱ्या जाहिराती ते सांगत नाहीत: मातीने कधी कधी नको तेही वर येतं. ओल्या, गार, मऊ पदार्थात हात गेले की काहींना अचानक रडू फुटतं. एका गृहस्थांना त्या स्पर्शाने रुग्णाचं अंग पुसल्याची आठवण झाली आणि ते उठून बाहेर गेले. तसं झालं तर हात धुवा, थांबा, ज्यांच्याकडे तुमचे उपचार चालू आहेत त्यांच्या कानावर घाला. ज्यांना अस्वच्छतेच्या भीतीचा आजार आहे त्यांना मी कधीच आग्रह करत नाही. लाकडी काडीने खेळा म्हणते, पुढचं त्यांचे डॉक्टर ठरवतील. 'दोन तासांत थेरपी' असा फलक लावलेल्या एका कार्यशाळेत मी कुतूहलाने गेले होते. शेवटी सगळ्यांना आपापल्या कलाकृतीसोबत फोटो काढायला रांगेत उभं केलं. जिची वाटी मोडली होती ती मुलगी रांगेत सर्वांत मागे, हात पाठीमागे घेऊन उभी होती. तुम्ही वर्ग शोधाल तेव्हा एकच गोष्ट विचारा: केलेलं मोडून टाकलं तर चालेल का? उत्तर द्यायला ते अडखळले तर दुसरा वर्ग बघा.

कारण तुमच्या बाबतीत माझा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर येऊन थांबतो. पहिले तीन महिने काहीही भाजू नका.

भट्टीत जाईपर्यंत माती पूर्ण परतीच्या वाटेवर असते. वाटी केली, ती वाळून खडखडीत झाली, महिनाभर फळीवर राहिली, तरी पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. गंमत अशी की हे पूर्ण वाळलेल्या मातीचंच होतं. अर्धवट ओला गोळा पाण्यात दिवसेंदिवस तसाच बसून राहतो. खडखडीत वाळलेल्या मातीच्या छिद्रांत मात्र पाणी झपाट्याने शिरतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, कडा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतात आणि पाहता पाहता भांडं स्वतःवरच बसतं. कान जवळ नेला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. माझ्याकडच्या सत्रांत लोक करण्याइतकेच या बादलीपाशी रमतात. एक आजोबा आठवडाभर मन लावून भांडं करायचे आणि पुढच्या आठवड्यात आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, मागच्या वेळचं बादलीत सोडायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, हे तरी ठेवू या. ते म्हणाले, "ठेवण्यासारखं पुष्कळ आहे घरी." मी पुन्हा विचारलं नाही.

आजच्या चेक प्रजासत्ताकात डोल्नी व्हेस्टोनित्से इथे पंचवीस हजार वर्षांहून जुन्या, भाजलेल्या मातीच्या छोट्या आकृत्या सापडल्या. तिथली स्त्रीमूर्ती 1925 साली मिळाली आणि प्रसिद्ध झाली. पण बाकीचा ढीग तुकड्यांचा आहे, प्राण्यांची डोकी, पाय, फुटलेले गोळे. काही संशोधकांचं मत असं की त्या ओल्याच आगीत टाकून मुद्दाम फोडल्या असाव्यात, फुटणं हाच त्यातला कार्यक्रम असावा. ते बरोबर असेल-नसेल, पण ठेवण्यासाठी नाही, करण्यासाठी करायचं, ही कल्पना माझ्या आवडीची आहे.

आता प्रत्यक्ष काम. भांडी करणाऱ्यांसाठी मिळते ती तयार माती घ्या, पाच किलो पुष्कळ झाली, कारण तीच ती फिरून वापरायची आहे. हवेत कडक होणारी पॅकेटातली 'क्ले' नको. तिच्यातल्या बहुतेक प्रकारांत चिकट पदार्थ मिसळलेले असतात आणि ती बादलीत नीट परतत नाही. खाली जाड कापड किंवा साधी लाकडी फळी, म्हणजे माती चिकटणार नाही. वाटीभर पाणी, एक ओला फडका, प्लॅस्टिकची पिशवी. बाकी हत्यारं नंतर.

आधी माती तिंबा. टेबल कमरेच्या आसपास हवं, जोर मनगटाचा नाही, खांद्यांवरून येणारा अंगाचा. ढकला, उचला, पाव वळसा द्या, पुन्हा ढकला. पन्नास-साठ वेळा. याने ओल सगळीकडे सारखी होते. हवेचे बुडबुडे राहिले तर भांडं भट्टीत फुटतं असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ते खरं नाही, फोडणारं असतं ते पाणी, त्याबद्दल पुढे. या तिंबण्याला लोक पूर्वतयारी समजून उरकतात. माझ्या मते झोप न येणाऱ्या माणसासाठी सबंध कामातला सर्वांत गुणकारी भाग हाच आहे. एखाद्या दिवशी नुसतं तिंबून झाकून ठेवलंत तरी तो दिवस झाला असं धरा.

मग मुठीत सहज मावेल एवढा गोळा. डाव्या तळहातावर ठेवा, उजवा अंगठा मधोमध हळूहळू आत न्या, तळाशी बोटभर जाडी उरली की थांबा. आता अंगठा आत, बोटं बाहेर, चिमटीत धरल्यासारखं दाबा आणि थोडं फिरवा, दाबा आणि फिरवा. तळापासून सुरू करून वर. कड सर्वांत शेवटी पातळ करा, नाहीतर ती पसरट होऊन फुलासारखी उमलते आणि आवरत नाही. भिंत सहा-आठ मिलिमीटरच्या आसपास सारखी असावी. हे डोळ्यांना कळत नाही, चिमटीला कळतं, म्हणून डोळे मिटलेले बरे. कडेला भेगा पडतीलच. नवखा माणूस लगेच पाणी ओततो, आणि तिथेच भांडं बसतं. बोट नुसतं ओलसर करून भेगेवरून फिरवा. हात कोरडे पडले, माती थकली असं वाटलं, तर ती थकलीच आहे. ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात चहा वगैरे.

चिमटीची वाटी हाताला आली की वळ्या करून एकावर एक चढवता येतात, माती लाटून पाट्या जोडता येतात. जोडताना दोन्ही बाजू आधी खरवडायच्या आणि मध्ये मातीचाच दाटसर घोळ लावायचा. नुसतं चिकटवलेलं वाळताना सुटतं. त्यात तुम्ही आपोआप शिराल, मी घाई करणार नाही. एक मात्र सांगून ठेवते. पाटी एकदा वाकली आणि तुम्ही ती सरळ केलीत, तरी वाळताना किंवा भट्टीत ती पुन्हा त्याच बाजूला वाकू शकते. मातीला आठवण असते असं आम्ही म्हणतो. कण ज्या दिशेने रचले गेले तो सगळा परिणाम आहे, जादू नाही, पण म्हणायला छान वाटतं.

आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. तीन तास बसू नका, मनगटं दुखतील आणि मग माती नकोशी होईल. रात्री उशिरा नको, संध्याकाळी बरं. नंतर हातांना तेल लावा. माती त्वचेतली ओल ओढून घेते.

धुळीची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. ओली माती निरुपद्रवी असते, वाळलेल्या मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात; त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. म्हणून झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. वाळलेलं भांडं कोरडं घासायचं नाही, ओल्या स्पंजाने गुळगुळीत करायचं. कामाचे कपडे झटकायचे नाहीत. हात आधी बादलीत धुवायचे आणि मगच नळाखाली, नाहीतर नळाचा पाइप तुंबतो. तुंबलेला पाइप मोकळा करणाऱ्या माणसाचं माझ्याबद्दलचं मत अजून सुधारलेलं नाही.

तीन महिन्यांनी एखादी वाटी बादलीत टाकायला तुमचा हात धजणार नाही. ती भाजा. घरच्या ओव्हनचा उपयोग नाही, तो अडीचशे अंशांच्या आसपास थांबतो. मातीच्या रचनेत बांधलेलं पाणी सुटायला लागतं साधारण 450 ते 600 अंश सेल्सियसच्या दरम्यान, आणि ते एकदा सुटलं की ती पुन्हा कधीही चिखल होत नाही. म्हणून भट्टी असलेला स्टुडिओ शोधा. बरेच जण बाहेरची भांडी भाजून देतात. माती कोणती वापरली आहे ते त्यांना सांगा, कारण हजार अंशांची माती बाराशेच्या भट्टीत वितळून फळीला चिकटते आणि नुकसान त्यांचं होतं. पहिल्या भाजणीला, बिस्कला, 950 ते 1000 अंश पुरतात. त्यानंतर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, आणि दुसरी भाजणी. वाटी खाण्यापिण्यासाठी वापरायची असेल तर ग्लेझ शिसं नसलेलं आणि त्या कामासाठी योग्य आहे ना, हे विचारून घ्या.

वाळताना आणि भाजताना मिळून ती साधारण दहावा-आठवा हिस्सा आक्रसेल. हातात भरलेली वाटत होती ती परत येईल तेव्हा लहान वाटेल. दरवेळी मला ते नव्याने जाणवतं.

सुरुवातीच्या काळात मी एका ऑर्डरच्या घाईत भांडी वरवर वाळलेली पाहून भट्टी लावली आणि तापमान भराभर चढवलं. तास-दीड तासाने आतून टपोरे आवाज आले. जाड तळांत ओल होती, शंभर अंश ओलांडल्यावर तिची वाफ झाली आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. एकोणीस भांडी होती, त्यातली चार राहिली. तेव्हापासून 80-90 अंशांवर भट्टी कित्येक तास नुसती धरून ठेवते, आणि त्याआधी प्रत्येक भांडं गालाला लावते. बोटांपेक्षा गालाला जास्त कळतं. पाणी उडून जात असेल तोवर माती खोलीच्या हवेपेक्षा गार लागते.

तुमच्या वाटीचंही तसंच करा. पिशवीखाली दोन दिवस, मग पिशवी सैल करून चार दिवस, मग उघडी. आठ-दहा दिवसांनी तळ गालाला लावून बघा. गार लागला तर फळीवर परत ठेवा, अजून आठवडाभर.